रंगारी मामांचा रिफंड आणि लोकसभेची एक समिती

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आमच्या ऑफिसात उशिरा आलेल्यांचा असतो. ३१ डिसेंबरला बिलेटेड, म्हणजे उशिराच्या आयकर रिटर्नची मुदत संपते, त्यामुळे जुलैत, सप्टेंबरात जे आले नाहीत ते सगळे आता येतात, कुणाचं लग्नकार्य होतं, कुणी दवाखान्यात होतं, कुणाला कुणी सांगितलंच नव्हतं की रिटर्न भरावं लागतं. परवा असेच एक रंगकाम करणारे मामा आले. सांगलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे, मामा गेली पाच-सहा वर्षं माझ्याकडे येतात, दरवर्षी जूनमध्येच येतात, यंदा आले नाहीत कारण मे महिन्यात परांचीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. काठी टेकत जिना चढून आले आणि पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले, बँकेचं पासबुक, दोन बिल्डरांची बिलं आणि दवाखान्याची फाईल.

मामांचा हिशोब सरळ आहे. वर्षभरात दोन-तीन ठिकाणांहून मिळून साधारण ९ लाखांचं काम, त्यातनं रंग, पोरांची मजुरी, टेम्पोभाडं वजा केलं तर हातात अडीच लाखही राहत नाहीत, म्हणजे करपात्र काहीच नाही. पण पैसे देणाऱ्यांनी देतानाच १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापलाय, ९ हजार रुपये. हे ९ हजार मामांचेच आहेत, सरकारकडे नुसते जमा आहेत, रिटर्न भरलं की परत येतात. मामांनी विचारलं, "साहेब, उशीर झाला, गेले का पैसे?" मी म्हटलं नाही मामा, येतील. आणि हे सांगताना मला खरंच धस्स झालं, कारण हेच वाक्य पुढे नवा आयकर कायदा लागू झाल्यावर मला म्हणता येणार नव्हतं. म्हणजे थोडक्यात वाचलं ते. ते कसं वाचलं हे सांगायला आज लिहितोय.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतोय हे बहुतेकांनी ऐकलं असेल. जुन्या कायद्यात इतकी वर्षं ठिगळं लावून लावून कलमांची संख्या ८१९ वर गेली होती, नव्यात ५३६ आहेत, शब्द जवळपास निम्म्यावर आले, पाच लाखांच्या वर होते ते दोन लाख साठ हजारांपर्यंत. कमाई ज्या वर्षाची ते 'प्रीव्हिअस इयर' आणि त्यावरचा कर ज्या वर्षी मोजायचा ते 'असेसमेंट इयर', हा जो घोळ आम्ही गेली कित्येक वर्षं प्रत्येक नवीन क्लायंटला समजावत बसायचो तो गेला, आता फक्त 'टॅक्स इयर'. मला हा बदल मनापासून आवडलाय, खोटं कशाला बोलू.

पण १३ फेब्रुवारी २०२५ ला लोकसभेत मांडलेल्या मूळ विधेयकात एक ओळ होती. रिफंड मागायचा असेल तर रिटर्न मुदतीच्या आतच भरलेलं पाहिजे. बस एवढंच, एका पोटकलमात. म्हणजे मामांसारखा माणूस, ज्याच्यावर कर बसतच नाही, ज्याचे पैसे आधीच कापून घेतलेत, तो हाड मोडून घरात पडला आणि तारीख चुकली तर त्याचे स्वतःचे ९ हजार गेले. हे मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही, मसुदा लिहिताना राहून गेलं असेल, पाचशेच्या वर कलमं आहेत शेवटी. पण कायदा झाला असता तर मुद्दाम केलं का चुकून झालं याने मामांना काय फरक पडणार होता.

ती ओळ पकडली गेली कारण विधेयक सिलेक्ट कमिटीकडे, म्हणजे प्रवर समितीकडे गेलं. लोकसभेचे ३१ खासदार, अध्यक्ष बैजयंत पांडा, सगळ्या पक्षांचे लोक. त्यांनी फेब्रुवारी ते जुलै बसून कलम न कलम वाचलं, सीएंच्या संघटनांना, उद्योगवाल्यांना, ट्रस्टवाल्यांना बोलावून ऐकलं आणि २१ जुलैला साडेचार हजार पानांचा अहवाल दिला, २८५ शिफारशी. त्यात एक ही, की उशिरा रिटर्न भरणाऱ्याचा रिफंड अडवू नका. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के वजावट नेमकी कशातून काढायची, म्हणजे घरपट्टी वजा करून उरेल त्यातून, हे स्पष्ट लिहा, ही पण. भाड्याने दिलेल्या घराच्या बांधकाम काळातलं व्याज, कंपन्यांच्या डिव्हिडंडची वजावट जी मसुद्यात गळून गेली होती, असं बरंच. सरकारने ८ ऑगस्टला मूळ विधेयक मागे घेतलं, जवळपास सगळ्या शिफारशी घेऊन ११ ऑगस्टला नवीन मांडलं.

आणि हे नवीन विधेयक लोकसभेत ज्या दिवशी मांडलं त्याच दिवशी मंजूर झालं. चर्चेविना, काही मिनिटांत. विरोधक बिहारच्या मतदार याद्यांवरून घोषणा देत होते, आवाजी मतदान झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी राज्यसभा. २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही.

मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातनं गेलं नाही. जो कायदा आधीचा ६३ वर्षं टिकला, जो देशातल्या प्रत्येक पगारदाराला, प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक पेन्शनरला लागू होणार, त्याच्यावर लोकांच्या सभागृहात एकही भाषण नाही. काही मित्र म्हणाले, अरे समितीत काम झालं होतं की, सभागृहात नुसती भाषणबाजी झाली असती. अर्धं मान्य. समितीत झालं म्हणून तर मामांचे पैसे वाचले. पण समितीच्या बैठका बंद खोलीत असतात, कुणी काय बाजू घेतली, सरकारने कोणती शिफारस का नाही घेतली, हे आपल्याला टीव्हीवर दिसत नाही. ते सभागृहात विचारायचं असतं. आणि सभागृह चालू न देण्याचा दोष विरोधकांचाही तितकाच आहे, मतदार याद्यांचा मुद्दा मोठा होता मान्य, पण ५३६ कलमांपैकी एकावर तरी उभं राहून बोलायला हवं होतं. सरकारनेही एक आठवडा थांबायला हरकत नव्हती, कायदा तर एप्रिलपासून लागू व्हायचा होता, आठ महिने हातात होते.

चर्चा नसली की काय होतं हे आम्ही २०२३ च्या मार्चमध्ये बघितलंय. तेव्हा २३ मार्चला लोकसभेने वर्षाचा सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च गिलोटीन लावून मंजूर केला, म्हणजे मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा न करता सगळ्या एकत्र मतदानाला. दुसऱ्या दिवशी वित्त विधेयक, म्हणजे बजेटमधले करबदल कायद्यात आणणारं विधेयक, त्यात ६४ सरकारी दुरुस्त्या, तेही गोंधळात, चर्चेविना. या ६४ पैकी एक डेट म्युच्युअल फंडांची, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांची होती. तोवर हे फंड तीन वर्षं ठेवले की महागाईचा हिशोब धरून, म्हणजे इंडेक्सेशन लावून, २० टक्के कर लागायचा. दुरुस्तीने ते गेलं, १ एप्रिलनंतर गुंतवलेल्या पैशावरचा नफा किती का वर्षांनी काढेना, सरळ तुमच्या स्लॅबने, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्याला जो दर असेल त्याने कर. १ फेब्रुवारीच्या बजेट भाषणात याचा शब्द नव्हता. २४ तारखेला पास, १ एप्रिलपासून लागू. मधे आठवडा.

त्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना मी बाईच म्हणतो, शाळेत शिकवलंय त्यांनी मला. त्यांनी ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीतून काढून डेट फंडात टाकायचं वर्षभर ठरवत आणलं होतं, सगळा हिशोब वहीत मांडून आणलेला, पाच वर्षांनी नातीच्या शिक्षणाला. त्यांचा प्रश्न होता, "अरे पण हे कुणी विचारलं का रे संसदेत, असं का करताय म्हणून?" मी म्हटलं बाई, नाही विचारलं. बदल कदाचित बरोबर असेल, एफडीवाल्याला पूर्ण स्लॅबने कर आणि फंडवाल्याला सवलत का, हा युक्तिवाद मला पण पटतो थोडासा. पण तो युक्तिवाद मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून मांडायला हवा होता, आणि कुणीतरी समोरून म्हणायला हवं होतं की मग एफडीवाल्याला पण महागाईची सवलत द्या ना.

उलट उदाहरण लगेच पुढच्या वर्षीचं. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये घर-जमिनीच्या विक्रीवरचं इंडेक्सेशन काढलं आणि कर २० वरून साडेबारा टक्के केला. यावर मात्र आरडाओरडा झाला, पेपरात, संसदेत, सगळीकडे, ज्यांची घरं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची पण भाव फारसे वाढलेले नाहीत त्यांना उलट जास्त कर बसत होता, आमच्याकडे कुपवाड भागातल्या जुन्या प्लॉटवाल्यांचे असेच आकडे येत होते, मी स्वतः मांडून बघितलेत. पंधरा दिवसांत सरकारने दुरुस्ती आणली आणि ७ ऑगस्टला लोकसभेत मंजूर झाली, २३ जुलैच्या आधी घेतलेली मालमत्ता असेल तर व्यक्तीला दोन्हीपैकी जो कर कमी बसेल तो. तेच सरकार, तेच मंत्री, पण यावेळी बोललं गेलं.

बोलण्याची ताकद किती असते याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या मते जीएसटीचं आहे. लोक म्हणतात जीएसटी रखडला, राजकारण झालं. झालंच. करसुधारणा सुचवणाऱ्या केळकर टास्क फोर्सपासून धरलं तर दशकाच्या वर गेलं. २००६ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम म्हणाले १ एप्रिल २०१० पासून आणू, २०११ मध्ये प्रणव मुखर्जींनी घटनादुरुस्ती मांडली ती २०१४ मध्ये लोकसभेबरोबर गेली, मग नव्या सरकारचे अर्थमंत्री जेटलींनी डिसेंबर २०१४ मध्ये परत मांडली. पण या उशिरात काय काय बदललं ते बघा. २०१४ च्या मसुद्यात राज्यांना नुकसानभरपाईबद्दल लिहिलं होतं की संसदेला ती देता येईल, आणि तीही पाच वर्षांपर्यंत असू शकेल अशा काळासाठी. राज्यसभेची प्रवर समिती, राज्यांचे अर्थमंत्री, विरोधक यांच्या रेट्यात २०१६ ला अंतिम शब्द झाले, संसद देईल, पाच वर्षांसाठी. 'देता येईल' आणि 'देईल'. इंग्रजी मसुद्यात तर एकाच शब्दाचा फरक. महाराष्ट्रासारख्या माल तयार करणाऱ्या राज्याला याचा अर्थ काय हे ज्यांनी राज्याचं बजेट वाचलंय त्यांना माहितीये, कारण जीएसटी हा माल जिथे खपतो तिथे कर देतो, बनतो तिथे नाही, त्यामुळे कारखानदारीच्या राज्यांना खड्डा पडायची भीती होती. त्यासाठी आधी १ टक्का जादा आंतरराज्य कराची सोय ठेवली होती, पण त्याने करावर कर चढत गेला असता, काँग्रेसने ती काढायची मागणी लावून धरली, ती निघाली आणि तिच्याऐवजी २०१५-१६ चा पाया धरून दरवर्षी १४ टक्के वाढीची हमी आली.

३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेत या घटनादुरुस्तीवर सात तासांच्या आसपास चर्चा झाली. मी त्या दिवशी दुपारनंतर ऑफिस बंद करून घरी टीव्हीसमोर बसलो होतो, बायको म्हणाली मॅच आहे का. खरंच मॅचसारखंच बघितलं. आता विरोधात असलेले चिदंबरम उभे राहून जीएसटीच्या दराला १८ टक्क्यांची मर्यादा हवी यावर बोलले, पुढचे जीएसटीचे कायदे मनी बिल म्हणून आणणार नाही असं आश्वासन द्या म्हणाले, म्हणजे राज्यसभेला नुसतं शिफारशींपुरतं ठेवू नका, जेटलींनी शांतपणे उत्तरं दिली पण ते आश्वासन मात्र दिलं नाही. शेवटी २०३ विरुद्ध ०. एकही मत विरोधात नाही, अण्णाद्रमुक तेवढी बाहेर पडली. इतकी वर्षं भांडून ०. आणि पुढे २०१७ ला ते कायदे मनी बिल म्हणूनच आले, हेही नोंदवून ठेवतो.

मग आमच्या विधानसभेने २९ ऑगस्ट २०१६ ला विशेष अधिवेशनात घटनादुरुस्तीला मान्यता दिली, आणि मे २०१७ मध्ये तीन दिवसांचं अधिवेशन फक्त यासाठी. तिथे मुख्य भांडण मुंबईच्या जकातीचं होतं. जकात गेली की महापालिकेने दर महिन्याला पैशासाठी सरकारच्या दारात उभं राहायचं का? यावर शिवसेना सत्तेत असूनही अडून बसली होती, आणि त्यातूनच महापालिकांना भरपाई देण्याचा वेगळा कायदा झाला. ३० जूनच्या मध्यरात्री मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले. आम्ही सांगलीकरांनी आधी जकात बघितली मग तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१३ ला एलबीटीविरोधात दुकानांची शटर खाली होती ते अजून डोळ्यासमोर आहे, त्यामुळे नाके उठल्याची किंमत आम्हाला वेगळी सांगायला नको.

आता अडचण अशी की जीएसटी आल्यावर दर ठरवायची चर्चा विधानसभेतून उठली आणि जीएसटी कौन्सिलमध्ये, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेत गेली. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध काही होत नाही. महाराष्ट्राचं मत आणि गोव्याचं मत सारख्याच वजनाचं. बैठक बंद दाराआड, आपल्याला कळतं ते पत्रकार परिषदेतून. आमचा आमदार टूथपेस्टच्या दरावर सभागृहात मत देत नाही, खासदार पण नाही.

तरीसुद्धा बोललं की हलतं. विम्याचंच बघा. आरोग्य विम्यावर १८ टक्के जीएसटी होता. माझ्या आईच्या पॉलिसीचा हप्ता ४८ हजार, त्यावर ८,६४० रुपये कर, आईचं वय ७४, दोन वेळा अॅडमिट झालेली. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेने नितीन गडकरींना निवेदन दिलं, गडकरींनी २८ जुलै २०२४ ला अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की विम्यावर कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर. स्वतःच्याच सरकारच्या मंत्र्याला पत्र! ते बाहेर आलं, मग विरोधकांनी संसदेच्या आवारात फलक धरले, लोकसभेत विषय निघाला, अर्थमंत्र्यांनी उत्तर दिलं की यातला मोठा वाटा राज्यांनाच जातो, तुमच्या राज्याच्या अर्थमंत्र्यांना कौन्सिलमध्ये बोलायला सांगा. वर्ष गेलं, मंत्रिगट बसला, आणि ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा कर शून्य झाला, जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले. २२ सप्टेंबरपासून लागू. आईच्या ऑक्टोबरच्या हप्त्याच्या पावतीवर कराच्या रकान्यात शून्य होतं, ती पावती मी फाईलला लावलीय.

माझे वडील एका हळदीच्या आडत्याकडे दिवाणजी होते. तेव्हा बजेट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला असायचं, ते कीर्द बाजूला ठेवून रेडिओला कान लावून बसायचे आणि जुन्या वहीच्या मागच्या पानावर टाचण करायचे. ते एक नाव नेहमी घ्यायचे, गोखल्यांचं. मला तेव्हा वाटायचं हे टिळकांच्या विरोधातले मवाळ, परीक्षेपुरते. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं. २६ मार्च १९०२, कलकत्ता, व्हाइसरॉयचं कौन्सिल, गोपाळ कृष्ण गोखले पहिल्यांदाच बजेटवर बोलले, वय ३५, कोतळूकचा मुलगा, फर्ग्युसनचा प्रोफेसर. सगळे सरकारच्या शिलकेचं कौतुक करत होते आणि यांनी आकडे घेऊन सांगितलं की दुष्काळाने माणसं मरत असताना तिजोरीत शिल्लक पडतेय म्हणजे कर जास्त घेताय. मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० करा. त्या कौन्सिलात सदस्यांना बजेटवर मत देण्याचा अधिकारच नव्हता, फक्त बोलता यायचं. पुढच्याच वर्षी, १९०३ ला, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन झाला, मर्यादा हजार झाली, आणि १९०७ पर्यंत मिठाचा कर एक रुपयावर आला. फक्त गोखल्यांमुळे झालं असं नाही म्हणणार, पण मत नसताना माणूस वर्षानुवर्षं अभ्यास करून बोलत राहिला. आज ५४३ जणांकडे मत आहे.

म्हणून मी आमच्या खासदारांना आणि महाराष्ट्रातल्या आणखी चार खासदारांना, दोन सत्तेतले दोन विरोधातले, पत्र लिहिलंय. मागणी एवढीच की वित्त विधेयकावरच्या सरकारी दुरुस्त्या मतदानाच्या किमान सात दिवस आधी लोकांसमोर याव्यात, करदर बदलणारी दुरुस्ती असेल तर तिच्यावर वेगळी चर्चा व्हावी, आणि दरवर्षीचं वित्त विधेयक थोड्या दिवसांसाठी का होईना एखाद्या समितीकडे जावं, मंत्रालयांच्या मागण्या जातात तसं. पत्रासोबत मामांच्या ९ हजारांचा हिशोब नाव खोडून जोडलाय, म्हणजे ती एक ओळ राहिली असती तर कुणाचं काय गेलं असतं हे त्यांना आकड्यात दिसेल.

मामांचं रिटर्न त्याच दिवशी भरलं. मोबाईलवर ओटीपी आला, चष्मा आणला नव्हता म्हणून फोन माझ्यासमोर धरला, मी आकडे टाकले, व्हेरिफाय झालं. पैसे जुन्या बँकेच्या खात्यात येतील का विचारत होते, ते खातं बंद झालंय, नवीन खातं व्हॅलिडेट करून दिलं. जाताना दवाखान्याची फाईल विसरले होते, पोराला पाठवून खाली रिक्षात दिली. अजून २२ रिटर्न बाकी आहेत, खासदारांचं काही उत्तर आलं तर जानेवारीत इथे टाकतो.